श्रायव्हर, यूनिस केनेडी

श्रायव्हर, यूनिस केनेडी : (१० जुलै १९२१ – ११ ऑगस्ट २००९). बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी कार्य करणाऱ्या अमेरिकन समाजसेविका. जन्म ब्रुकलाइन (मॅसॅचूसेट्स) येथे. राष्ट्राध्यक्ष जॉन एफ्. केनेडी हे त्यांचे थोरले बंधू. शिक्षण स्टॅनफर्ड विद्यापीठात (समाजशास्त्र). १९५३ मध्ये सार्जंट श्रायव्हर यांच्याशी विवाह.

बौद्धिक अक्षमता असलेली थोरली बहीण रोझमेरी हिच्यावर १९४१ मध्ये झालेली लोबोटॉमी (मेंदूवरील शस्त्रक्रिया) फसली व ती कायमची परावलंबी झाली. यूनिस यांच्या कार्याचे मूळ बहुधा या घटनेत शोधले जाते. तथापि बालपणी दोघी एकत्र पोहत, शिडाची नाव हाकत. तो अनुभव अधिक निर्णायक दिसतो. १९५७ पासून त्यांनी कौटुंबिक प्रतिष्ठानाचा निधी बौद्धिक अक्षमतेवरील संशोधनाकडे वळविला. सप्टेंबर १९६२ मधील लेखात रोझमेरीची अक्षमता त्यांनी जाहीर केली. शस्त्रक्रियेचा उल्लेख त्यात नाही.

जून १९६२ मध्ये त्यांनी मेरिलंडमधील घराच्या आवारात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी केवळ दिवसा चालणारे शिबिर भरविले. स्पेशल ऑलिंपिक्सचा (बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या क्रीडास्पर्धांचा) उगम सामान्यतः येथे मानतात. मात्र शिकागोतील क्रीडाशिक्षिका ॲन बर्क यांनी शहरापुरत्या मैदानी स्पर्धेचा प्रस्ताव पाठविला होता. श्रायव्हर यांनी तो राष्ट्रीय पातळीवर नेण्यास सुचवून २५,००० डॉलर मंजूर केले. या मुलांची शारीरिक दुर्बलता अक्षमतेमुळे नसून संधीच्या अभावामुळे आहे, हे कॅनडाचे संशोधक फ्रँक हेडन यांनी आधीच दाखविले होते. त्यामुळे श्रेय तिघांत विभागणे सयुक्तिक ठरते. पहिली स्पर्धा २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर झाली, सु. १,००० खेळाडू होते.

या स्पर्धांची गटवारी वैशिष्ट्यपूर्ण आहे. लिंग व वयानुसार विभागणी करून प्राथमिक फेरीतील वेळ किंवा गुण पाहतात. एका गटात ३ ते ८ खेळाडू आणि सर्वोत्तम व सर्वांत कमी कामगिरीत सु. १५ टक्क्यांपर्यंत फरक ठेवतात. हा दंडक नव्हे. खेळाडू कमी पडल्यास वयोगट एकत्र करावे लागतात व अंतर वाढते. सोपा गट मिळावा म्हणून प्राथमिक फेरीत मुद्दाम मागे राहण्याचा धोका असतो. अंतिम फेरीत कामगिरी १५ टक्क्यांहून अधिक सुधारल्यास खेळाडू बाद ठरू शकतो. चौथ्या ते आठव्या क्रमांकांना फिती देतात.

१९८४ मध्ये त्यांना अध्यक्षीय स्वातंत्र्य पदक मिळाले. हायॅनिस येथे निधन.