सड्यावरचा हत्ती कुणासाठी?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीला लोक येतात ते कनकादित्याच्या, म्हणजे सूर्यदेवाच्या दर्शनाला. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या हत्तीपर्यंत जाणारे थोडे, आणि तिथवर गेलेल्या बऱ्याच जणांना तो पहिल्यांदा दिसतच नाही. हत्तीच्या पाठीवर उभं राहून "हत्ती कुठे आहे?" असं विचारणारे पाहुणे मी पाहिले आहेत. चूक त्यांची नाही. हत्ती आडवा आहे, जांभ्याच्या सपाट कातळात कोरलेला, आणि सुमारे १८ मीटर लांबीचा. आपले डोळे जमिनीपासून जेमतेम पाच फुटांवर, तेव्हा सोंडेशी उभं राहिलं की शेपटीकडचा भाग नुसत्या भेगांसारखा दिसतो. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर गेलं तर खोबणीत सावली भरते आणि रेषा उठून येतात. मग कळतं की हत्तीच्या पोटात आणखीही चित्रं आहेत. पक्षी, मासे, श्वापदं, एकात एक गुंतलेली.

अशी कातळशिल्पं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सत्तरहून अधिक ठिकाणी सापडली आहेत. चित्रांची मोजदाद दीड हजाराच्या पुढे गेली आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं सडे पायी तुडवले, गुराख्यांना नि म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलं, तेव्हा कुठे हा आकडा उभा राहिला. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत नऊ ठिकाणं गेली. रत्नागिरीतली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामाळ.

आता प्रश्न असा, की हे सगळं कशासाठी?

आमच्याकडच्या एका आजोबांकडे उत्तर तयार होतं. पांडवांनी एका रात्रीत केलं, कोंबडा आरवला म्हणून अर्धवट राहिलं. कोकणात ज्याचा कर्ता ठाऊक नाही ते पांडवांच्या खात्यावर जमा होतं, त्यामुळे मी हसलो. पण 'एका रात्रीत' हा शब्द डोक्यात राहिला. खरंच किती वेळ लागला असेल?

त्यासाठी आधी दगड समजून घ्यावा लागतो. सह्याद्रीचा मूळ दगड काळा बेसाल्ट. उष्ण, दमट हवेत लाखो वर्षं पाऊस झिरपत राहिला की त्यातली सिलिका आणि इतर विरघळणारी द्रव्यं वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगं मागे उरतात. हाच तांबडा, जाळीदार जांभा. फ्रान्सिस बुकानन या सर्वेक्षकाने मलबारात लोक असा दगड विटांसारखा कापताना पाहिले आणि १८०७ मध्ये 'वीट' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव ठेवलं लॅटेराइट. चिरेखाणीत काम केलेल्या माणसाला त्याचा स्वभाव वेगळा सांगावा लागत नाही. खाणीतून ताजा निघालेला चिरा मऊ असतो, वाऱ्याउन्हात पडला की घट्ट होतो, कारण ओल उडते आणि लोहाची संयुगं एकमेकांत पक्की बसतात. सड्याचा वरचा थर तर युगानुयुगं उन्हात भाजलेला, म्हणजे खाणीतल्या चिऱ्यापेक्षा कितीतरी कडक.

मी एकदा हट्टाने बेसाल्टचा टोकदार धोंडा घेऊन अंगणातल्या जुन्या चिऱ्यावर खोबण पाडायला बसलो. दोन्ही हात भरून आले, तळव्याला फोड आला आणि खोबण पडली ती करंगळीएवढी. याला प्रयोग म्हणायचं धाडस मी करणार नाही. पण त्यानंतर सड्यावरची दोन-तीन सेंटीमीटर खोल, कित्येक मीटर लांब रेषा पाहताना माझा हात आपोआप तळव्यावर जातो. हे काम कुणी सहज, गुरं राखता राखता केलेलं नाही.

म्हणूनच 'हद्दीच्या खुणा' हा अंदाज मला लंगडा वाटतो. दोन टोळ्यांच्या शिकारीच्या मुलखाची सीमा दाखवायला दगडांचा ढीग पुरतो, आणि तो लांबूनही दिसतो. सपाट कातळातली आडवी रेषा पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. जवळ गेल्याशिवाय न दिसणारा हद्दीचा दगड कोण घालेल?

दुसरा अंदाज शिकाऱ्यांच्या शाळेचा. उक्षीचा हत्ती जवळजवळ खऱ्या हत्तीएवढा आहे. प्राणी नेमके ओळखू येतात, म्हणून हे तरुण शिकाऱ्यांना शिकवायचे धडे असावेत, असं काहीजण मानतात. ऐकायला छान वाटतं. पण ज्यांचं आयुष्य रानात गेलं त्यांच्या पोरांना हरीण कसं दिसतं हे दगडावर दाखवायची गरज काय? शिवाय देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ जी मोठी चौकट आहे, तिच्यात नुसत्या भौमितिक, गुंतागुंतीच्या आकृत्या आहेत. त्यात कुठलं सावज शिकवायचं?

मग उरतो धार्मिक विधी. पुरातत्त्वातली जुनी थट्टा अशी, की ज्याचा उपयोग कळत नाही ते विधीचं. तरी या मताला थोडा आधार आहे. काही ठिकाणी पाय फाकवून बसलेल्या स्त्रीसारख्या आकृती आहेत आणि त्या पाहताच लज्जागौरी, ही सुफलतेची देवी, आठवते. अडचण एवढीच, की तेरसारख्या ठिकाणी मिळालेल्या लज्जागौरीच्या मूर्ती इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतल्या. शिल्पं त्याहून हजारो वर्षं जुनी असतील, तर आपण नातवाचं नाव आजोबाला लावतोय. बारसूलाही हेच. दोन वाघांच्या मधे उभा माणूस दिसला, की तशीच आकृती असलेली मोहेंजोदडोची मुद्रा आठवते. पण इजिप्तमध्ये गेबेल एल-अरकच्या सुरीच्या मुठीवर एक माणूस दोन सिंहांच्या मधे उभा आहेच. दोन श्वापदांना आवरणारा माणूस ही कल्पना जिथे श्वापदांची भीती असेल तिथे कुणालाही सुचू शकते.

म्हणजे सगळं येऊन अडतं वयावर. वय कळलं की निम्म्या अटकळी आपोआप गळतील. पण कोरलेल्या दगडाचं वय काढणं हे अवघड काम. कार्बन-१४ ला कधीतरी जिवंत असलेलं काहीतरी लागतं, म्हणजे कोळसा, हाड, लाकूड. खोबण म्हणजे तर नुसता नसलेला दगड.

म्हणून आडवाटेने पुरावा शोधतात. चित्रांत शेतीचा मागमूस नाही, म्हणून ती शेतीपूर्व काळातली, हा एक तर्क. महाराष्ट्राच्या पुरातत्त्व विभागानेही तो मांडला आहे. मला तो अर्धाच पटतो. आमच्या घरच्या भिंतींवर आजवर गणपती, समुद्र, आगगाडी, नट-नट्या सगळं लागलं, भाताच्या लावणीचं चित्र मात्र एकदाही नाही. म्हणून आम्ही भात लावत नव्हतो असं कोण म्हणेल?

प्राण्यांचा पुरावा जास्त वजनदार आहे. कोकणात आज नसलेला एकशिंगी गेंडा चित्रांत आहे. गुजरातेत लांघणजला मध्याश्मयुगीन, म्हणजे बारीक दगडी हत्यारं वापरणाऱ्या शिकाऱ्यांच्या थरात गेंड्याचं हाड मिळालं आहे, म्हणजे पश्चिम भारतात तो होता. पण हडप्पाच्या मुद्रांवरही गेंडा आहे आणि बाबराने तर सोळाव्या शतकात पेशावरकडे गेंड्याची शिकार केली. तेव्हा गेंडा दिसला म्हणून चित्र दहा हजार वर्षांचं ठरत नाही. पाणघोड्याची गोष्ट निराळी. तो भारतातून हिमयुगाच्या अखेरीच्या सुमारास नाहीसा झाला. एका आकृतीत अभ्यासकांना पाणघोडा दिसतो आणि तो खरा असेल तर काळ झटकन मागे जातो. पण जाड धड, आखूड पाय, बोथट तोंड एवढ्यावर पाणघोडा ठरवायचा, तर रानडुकरानेही हक्क सांगायला हरकत नाही.

देवाचे गोठण्याला एक वेगळीच भानगड आहे. तिथे कोरलेल्या मनुष्याकृतीपाशी होकायंत्र ठेवलं तर सुई भरकटते. ही बातमी पसरल्यावर 'प्राचीन ऊर्जाकेंद्र' वगैरे चर्चा सुरू झाली आणि परग्रहवासीही येऊन गेले. त्यांच्यावर मी शाई घालवणार नाही. सुई भरकटणं मात्र खरं आहे, आणि त्याला साधी कारणं असू शकतात. जांभ्यात लोहाची खनिजं भरपूर. उघड्या पठारावर वीज पडते तेव्हा हजारो ॲम्पिअरचा प्रवाह दगडातून जातो आणि आजूबाजूची खनिजं कायमची चुंबकित होऊ शकतात. जगभरच्या उघड्या डोंगरमाथ्यांवर असे चुंबकी डाग सापडतात. आणि होकायंत्र नसलेल्या माणसाला ते कळणार कसे? कातळावर हात ठेवून चुंबकत्व जाणवत नाही. तरीही विजेचा हा अंदाज मला आवडतो, कारण तो खोटा ठरवता येतो. अख्खा सडा चौरस आखून मॅग्नेटोमीटरने, म्हणजे चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राने मोजायचा. डाग फक्त चित्राखालीच निघाले, तर माझं म्हणणं मागे घेतो. चित्र नसलेल्या जागीही निघाले, तर ऊर्जाकेंद्रवाल्यांनी आपलं घ्यावं.

माझा स्वतःचा कल विचाराल तर तो पायांकडे आहे. एवढं मोठं चित्र उभ्या माणसाला सबंध दिसत नाही, म्हणून ते आकाशातून बघण्यासाठी असावं, असा एक झटपट निष्कर्ष निघतो. पण चित्र बघायचंच असतं हे कुणी सांगितलं? आपण ड्रोनचे फोटो पाहून त्या हत्तीला ओळखतो. ज्यांनी कोरला त्यांनी तो चालून, वाकून, टाचेने अंतर मोजून अनुभवला असणार. दारात रांगोळी काढणारी बाई तिच्याकडे नंतर किती वेळ बघत बसते? काढून झाली की कामाला लागते. कोरण्याचं कामच कदाचित मुख्य असेल, वर्षातल्या एखाद्या ठरलेल्या वेळी सगळ्यांनी मिळून करायचं. गोव्यात कुशावतीच्या काठी, फणसामाळला, वर्तुळाकार चक्रव्यूह कोरलेला आहे. त्याच्या वाटेवरून नुसतं बोट फिरवलं तरी हे म्हणणं वेडेपणाचं वाटत नाही.

पण हाही अंदाजच, आणि त्यालाही परीक्षा हवी. चित्र हळूहळू, वर्षानुवर्षं वाढत गेलं असेल, तर एकाच हत्तीच्या वेगवेगळ्या रेषांची झीज वेगवेगळी दिसायला हवी. पोटातले मासे बाह्यरेषेपेक्षा कोवळे निघायला हवेत. काही खोबणी पूर्वीपासून मातीखाली गाडलेल्या आहेत. त्या मातीतल्या वाळूच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं हे प्रयोगशाळेत मोजता येतं, त्यामुळे निदान 'याच्या अलीकडची नाही' एवढं तरी सांगता येईल. अट एकच, की ती माती कुणी ढवळलेली नसावी. हौशी पाहुणे फोटो नीट यावा म्हणून खराट्याने नेमकी तीच झाडून टाकतात.

त्या आजोबांना मी यातलं बरंचसं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे एका रात्रीत नाही?"

"नाही."

"मग पांडव नसतील," असं म्हणून त्यांनी पानाला चुना लावायला घेतला.