नरकासुराच्या खांद्यातलं गणित

दसरा उलटला की गोव्यातल्या वाड्यावाड्यांवर एखादं गॅरेज, एखादा मांडव, एखादा रिकामा गाळा रात्री उशिरापर्यंत जागा असतो. आत लोखंडी सळ्या, बांबू, पेंढा, रद्दीचे गठ्ठे आणि खळीचं पातेलं. नरकासुर उभा राहत असतो. चतुर्दशीच्या आदल्या रात्री तो पणजी, म्हापसा, मडगाव, फोंड्याच्या रस्त्यांवर मिरवतो, स्पर्धेत उतरतो आणि पहाटे जळतो. मग घरोघरी अभ्यंगस्नान, पायाच्या अंगठ्याखाली फुटलेलं कडू कारीट आणि पानात पोह्यांचे पाचसहा प्रकार.

हल्ली हा असुर हलतो. मान वळते, जबडा उघडतो, गदा उगारलेला हात वरखाली होतो. चर्चा मात्र होते ती उंचीची आणि बक्षिसाच्या रकमेची. पणजीत २०१६ पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो, तिथे कला आणि तंत्रज्ञानाचा मेळ बघायला आपण हौसेने जातो, आणि जावंच. पण हा मेळ पाहायचाच असेल तर मी आधी नरकासुराच्या पाठीमागे जाईन, जिथे पेंढा अजून भरलेला नसतो आणि सांगाडा उघडा असतो.

सुरुवात आकारापासून. पाच फुटी नरकासुर शेंबडी पोरंसुद्धा करतात: बाजारातून मुखवटा आणायचा, जुन्या कपड्यांत पेंढा कोंबायचा, झालं. तोच आराखडा जसाच्या तसा चौपट करून वीस फुटी केला तर तो उभा राहत नाही. लांबी, रुंदी, जाडी सगळंच चौपट झालं की वजन ६४ पट होतं. पण ते वजन पेलणाऱ्या पायांचं आडवं छेदक्षेत्र वाढतं फक्त १६ पट. म्हणजे पायातल्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पूर्वीच्या चौपट भार येतो. हे गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात मांडलं होतं. राक्षस माणसाच्या प्रमाणात असूच शकत नाही, त्याची हाडं तरी जास्त जाड हवीत किंवा अधिक कणखर पदार्थाची, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडचे वेल्डर गॅलिलिओ वाचून कामाला लागत नाहीत, पण मोठ्या नरकासुराच्या पायांत बांबूच्या जागी लोखंडी पाइप येतो तो याच कारणाने. आणि डोकं जितकं पोकळ ठेवता येईल तितकं पोकळ ठेवतात.

पोकळ डोक्यासाठी कागदासारखा पदार्थ नाही. वर्तमानपत्राचं एक पान हातात घ्या आणि फाडून बघा. एका दिशेने ते सरळ पट्टीसारखं फाटतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. कागद यंत्रावर तयार होताना लगद्यातले बरेचसे तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेने आडवे पडतात, त्यामुळे कागदालाही लाकडासारखा रेषा असतो. तंतू ओला झाला की लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत फुगतो. सुकला की तिथेच आकसतो. सगळ्या पट्ट्या एकाच दिशेने चिकटवल्या तर सुकताना मुखवटा एकीकडे खेचला जातो आणि नरकासुराचं तोंड वाकडं होतं. म्हणून एक थर उभा, एक आडवा. प्लायवूडमध्ये लाकडाचे पापुद्रे असेच आलटूनपालटून ठेवतात. खळीतला स्टार्च तंतूंमधल्या फटींत शिरतो, पाणी उडून गेलं की तंतूंच्या सेल्युलोजला घट्ट धरतो, आणि रद्दीचं कवच बोटांनी वाजवावं इतकं कडक होतं. अडचण आहे ती गोव्याच्या ऑक्टोबरची. परतीचा पाऊस कधी कोसळेल सांगता येत नाही आणि हवा दमट, त्यामुळे वरचा थर सुकलासा वाटतो पण आत ओल राहते. घाईने रंग दिला की ती ओल कोंडते आणि रंगाला फोड येतात.

आता खांदा. खरं डोकं इथे लागतं.

समजा हात अडीच मीटर लांब आहे, वजन ६ किलो, आणि त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून १ मीटरवर. हात आडवा धरला की खांद्यावर येणारा पीळ म्हणजे वजन गुणिले अंतर, ६ गुणिले १, सहा. मुठीत २ किलोची गदा दिली. तिचं अंतर पुरं अडीच मीटर, म्हणून तिचा पीळ पाच! जेमतेम दोन किलोची गदा जवळपास अख्ख्या हाताइतकी जड पडते. एकूण ११. भंगारातून आणलेली मोटारीच्या वायपरची मोटर ही या कामातली लाडकी वस्तू: १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, गिअर तिच्या पोटातच असतात, मिनिटाला साधारण ४० ते ६० फेरे. पण इतका पीळ तिच्या आवाक्याबाहेरचा. ती गुरगुरते, तापते आणि शेवटी वास येतो.

उपाय मोठी मोटर नव्हे. खांद्याच्या मागे, पाठीच्या पोकळीत, अर्धा मीटर लांबीचा दांडा काढायचा आणि त्याला २० किलोची वाळूची गोणी बांधायची. तिचा पीळ १०, उलट दिशेचा. उरला एक. आता मोटरला हात उचलायचा नसतो, फक्त ढकलायचा असतो. विहिरीवर पाणी शेंदायच्या लाटेला, म्हणजे लांब आडव्या दांड्याला, मागे दगड बांधतात, तीच ही युक्ती. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. गोणीमुळे हलणारं एकूण वस्तुमान वाढलं, त्यामुळे हात झटक्याने सुरू करता किंवा थांबवता येत नाही. मिनिटाला चाळीस वेळा हलवायला गेलात तर खांदाच निखळेल. म्हणून सायकलचे दात्यांचे चाक आणि साखळी वापरून वेग आणखी कमी करतात. वेग चौथ्या हिश्शावर आणला की, घर्षणात जातं ते सोडून, पीळ चौपट मिळतो.

मोटर गोल फिरते, हात मात्र पुढेमागे हलला पाहिजे. त्यासाठी चार दांड्यांची जोडणी: एक लहान दांडा मोटरबरोबर पुरा फेरा घेतो, मधला त्याला हाताशी जोडतो, तिसरा हाताचा भाग म्हणून डोलतो, चौथा म्हणजे स्थिर सांगाडा. लहान दांड्याला पुरा फेरा मिळायचा असेल तर सर्वांत लहान आणि सर्वांत लांब दांड्यांची बेरीज उरलेल्या दोघांच्या बेरजेपेक्षा कमी लागते. एकोणिसाव्या शतकातले जर्मन अभियंते फ्रान्झ ग्रासहोफ यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या आणि टाचण्या घेऊन तो दहा मिनिटांत हाताला कळतो. वायपर मोटरमधल्या मळसूत्री गिअरचा आणखी एक गुण म्हणजे मोटर चाकाला फिरवते, चाक मोटरला सहसा उलटं फिरवू शकत नाही. बॅटरी बसली तर उगारलेला हात धाडकन खाली येत नाही, आहे तिथे थांबतो. खाली गर्दी असताना ही फार मोलाची गोष्ट.

डोळ्यांतले दिवे, जबडा, मान यांचा क्रम लावायला आता आर्डुइनोसारखा छोटा, सूचना भरता येणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड वापरता येतो. हा बोर्ड २००५ साली इटलीतल्या इव्हरेया गावी जन्मला, तो अभियंत्यांसाठी नव्हे. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांना स्वस्तात प्रयोग करता यावेत म्हणून. तरी माझं मत असं की बोर्डाने दिवे लावावेत, पण हाताची ऐट दांड्यांच्या मापातूनच यावी.

कलाकाराने अभियंत्याला गाठण्याची आधुनिक गोष्ट सांगताना बहुतेक जण न्यूयॉर्कला जातात. १७ मार्च १९६० रोजी तिथल्या आधुनिक कला संग्रहालयाच्या अंगणात स्विस शिल्पकार जाँ तँगली याने सायकलची चाकं, मोटरी, पियानो असं भंगार जोडून एक अवाढव्य यंत्र उभं केलं. स्वतःची मोडतोड करून घेणं हेच त्याचं काम. बेल लॅब्स या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेतले अभियंते बिली क्लूव्हर मदतीला होते. यंत्र २७ मिनिटं चाललं, पेटलं आणि अग्निशामक जवानांना पुढे यावं लागलं. तिथे अभियंता आणि कलाकार मुद्दाम एकत्र आणावे लागले. वाड्यावर फिटर, इलेक्ट्रिशियन आणि मुखवटा रंगवणारा बहुधा एकाच शाळेत शिकलेले असतात, भांडायचं आणि जुळवायचं सगळं तिथल्या तिथे.

जाळण्यासाठीच करायची कलाकृती असल्याने पदार्थाची निवड हाही विज्ञानाचाच प्रश्न, आणि इथे मात्र आपण घसरलो आहोत. कागद, बांबू, पेंढा मोकळ्या हवेत भडकून जळतात, राख उरते. थर्मोकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. त्याच्या रेणूत कार्बनची कडी असतात, ती पूर्ण जळत नाहीत, म्हणून काळीकुट्ट काजळी आणि घशाला झोंबणारा धूर. फायबरच्या मुखवट्यातली राळही तशीच. थर्मोकोल कोरायला सोपा आणि हलका हे खरं, खांद्याचं गणितही त्याने सुटतं. पण कागद दमट हवेत सुकवून तितकंच हलकं डोकं करणं ही अवघड कामगिरी आहे, आणि परीक्षकांनी तिला वेगळे गुण द्यायला हरकत नाही.

राहिली मोटर. ती जाळायची नसते. मोटर, बॅटरी, बोर्ड आणि तारा एकाच लोखंडी पट्टीवर बसवून ती पट्टी सांगाड्याला चार नट-बोल्टांनी जोडली, तर पाठीतल्या झडपेतून सगळं एकदम बाहेर येतं. फक्त काढताना क्रम चुकवू नये: हात आधी दोरीने सांगाड्याला बांधायचा, मग मागची गोणी उतरवायची आणि सर्वांत शेवटी मोटर. हात न बांधता गोणी काढली तर तो अकराचा पीळ एकदम मोटरच्या गिअरवर पडतो, आणि गिअर निसटला की खाली उभ्या असलेल्याच्या डोक्यावर गदा येते.