रेताड रानात हरणांसाठी काय पेरावे? मिशिगनच्या फूड प्लॉटची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मिशिगन राज्याची अधिकृत माती म्हणजे कल्कास्का वाळू. १९९० मध्ये तिला हा मान मिळाला. राज्याच्या उत्तर भागात जंगलाच्या कडेला पाव एकरापासून दोन-तीन एकरांपर्यंतचे तुकडे पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी पेरले जातात. त्यांना फूड प्लॉट म्हणतात, आणि त्यांतले बरेचसे या किंवा याहून हलक्या वाळूवर असतात. बी निवडण्याआधी आजूबाजूची झाडे पाहावीत. शुगर मेपल आणि बीच जोमात असतील तर खाली बहुधा कल्कास्का आहे, तिच्यात थोडाफार ओलावा टिकतो. नुसता जॅक पाइन आणि खुरटा ओक असेल तर ती त्याहून हलकी, ग्रेलिंग नावाची वाळू समजावी. फूटभर खोल वाळूत पिकाला उपयोगी पडणारे पाणी जेमतेम १५ ते २५ मिलिमीटर मावते, पोयट्यात त्याच्या दुपटीहून अधिक. पावसाने दहा दिवस ओढ दिली की दोन्ही जमिनींतला फरक डोळ्यांना दिसतो.

हिमनद्या वितळताना वाहून आलेली ही वाळू शेतीसाठी कधीच सोयीची नव्हती. साधारण १८७० ते १९०० या काळात इथला पांढरा पाइन तोडला गेला, मागे राहिलेल्या फांद्यांच्या ढिगांना आगी लागल्या आणि त्यात वरचा पालापाचोळ्याचा थरही जळाला. तोडलेल्या जमिनी वसाहतकऱ्यांना विकल्या गेल्या. दोन-चार पिके निघाली, मग जमीन थकली. कर थकल्यामुळे अशी कितीतरी शेते सरकारजमा झाली आणि त्यांतूनच राज्याची आजची वने उभी राहिली. उघड्या रानात कोवळी झुडपे वाढली, हरणे वाढली, आणि पुढे हिवाळ्यात चाऱ्यावाचून मरू लागली. हरणांना खायला घालण्याचा विचार रुजला तो या अनुभवातून.

वाळूत काय तगते याचे उत्तर मात्र शिकाऱ्यांनी शोधलेले नाही, ते शेतकऱ्यांनी आधीच शोधून ठेवले होते. त्यातले पहिले नाव राय या धान्याचे. ही आपली फोडणीतली राई नव्हे. गव्हाच्या कुळातले, काळ्या पावासाठी दळले जाणारे धान्य आहे. जोसेफ रोझेन हा रशियातून आलेला विद्यार्थी मिशिगन अॅग्रिकल्चरल कॉलेजात शिकत होता. त्याच्यामार्फत आलेल्या रशियन बियाण्यातून फ्रँक स्प्रॅग यांनी निवड केली आणि १९१२ मध्ये रोझेन राय शेतकऱ्यांच्या हाती दिली. रायचे परागीभवन वाऱ्याने होते. शेजारच्या शेतातल्या साध्या रायचा पराग आला की वाण बिघडतो. म्हणून शुद्ध बियाणे तयार करण्यासाठी लेक मिशिगनमधले साउथ मॅनिटू बेट निवडले गेले. चहूबाजूंनी पाणी असल्यामुळे परका पराग येण्याची सोयच नव्हती.

रोझेन आज पेरणीत फारशी नसली तरी रेताड प्लॉटमध्ये पहिले पीक रायच असावे. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) ५ च्या आसपास असला तरी ती उगवते, जमीन जवळपास गोठणबिंदूला आली तरी अंकुरते, आणि बर्फाखालून हिरवीच बाहेर येते. उत्तर मिशिगनमध्ये मध्य ऑगस्ट ते मध्य सप्टेंबर या काळात एकरी ५० किलो बी, अडीच ते चार सेंटिमीटर खोल पेरावे. क्लोव्हर हे शेंगवर्गीय चाऱ्याचे पीक मिसळायचे असेल तर राय २५ किलोवर आणावी, नाहीतर तिच्या सावलीत क्लोव्हर कोमेजतो. बंदुकीच्या शिकारीचा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू होतो, तेव्हा हे पीक वीतभर आणि कोवळे असते. जुलैत पेरलेली राय तोवर चरबट होते, हरणे तिला तोंड लावत नाहीत. सर्वांत महागात पडणारी चूक दुकानात होते. रायऐवजी रायग्रास नावाचे गवत घेतले जाते. नाव सारखे असले तरी ते वेगळे आहे. हरणांना ते विशेष आवडत नाही, आणि एकदा बी गळले की पुढची काही वर्षे प्लॉटमधून हटत नाही.

दुसरा धागा जर्मनीतला. आल्टमार्क भागातल्या लुपित्स गावी आल्बर्ट शुल्त्स यांनी १८५५ मध्ये निकृष्ट वाळूची जमीन घेतली. चुनखडीची माती आणि पोटॅश घालून त्यांनी ल्युपिन हे शेंगवर्गीय पीक घेतले, आणि त्यामागून राय. नत्राचे खत न घालता राय सुधारली. असे का होते याचा उलगडा १८८६ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्रीगेल यांनी केला: मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. वाळूतला नत्र एका मोठ्या पावसात मुळांखाली निघून जातो, म्हणून इथे गाठी धरणारे पीक फार मोलाचे. गाठी मात्र आपोआप येत नाहीत. ज्या रानात ते पीक पूर्वी कधी झालेले नाही तिथे योग्य जिवाणू नसतात. क्लोव्हरचे जिवाणूखत चवळीला चालत नाही, आणि ल्युपिनला त्याचे स्वतःचेच लागते. बियाण्याला ते पेरणीच्या दिवशीच, सावलीत चोळावे. उन्हात तापलेल्या गाडीत पाकीट राहिले की जिवाणू मेलेच समजा. पेरल्यानंतर सहा आठवड्यांनी एखादे रोप हलकेच खणून गाठ चिरून पाहावी. आत गुलाबी असेल तर काम चालू आहे, पांढरट किंवा हिरवट असेल तर नाही.

शुल्त्स यांच्या चुनखडीचा धडाही तितकाच महत्त्वाचा. वाळूचा सामू वर आणायला चुना कमी लागतो, पण तो धुऊनही लवकर जातो. एकदाच चार टन टाकण्यापेक्षा माती तपासून एकरी टनभर डोलोमाइट चुना घालावा आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासावे. डोलोमाइट अशासाठी, की वाळूत बहुधा मॅग्नेशियमही कमी असते. चुना जास्त झाला तर मँगेनीज आणि बोरॉन पिकाला मिळेनासे होतात, आणि पिवळी पाने पाहून माणूस नत्राच्या मागे लागतो.

उन्हाळ्याचे पीक म्हणजे कुट्टू, आपल्याकडे उपवासाच्या पिठामुळे माहीत असलेला. एकरी २५ किलो, दोन-अडीच सेंटिमीटर खोल. महिन्याभरात फुलतो आणि तण दाबतो. जॅक पाइनच्या सखल माळांवर जूनमध्येही दंव गोठते आणि कुट्टूला ते अजिबात सोसत नाही, म्हणून घाई करू नये. ऑगस्टच्या उत्तरार्धात पावसाचा अंदाज पाहून उभ्या कुट्टूत राय फोकावी आणि वरून रोलर फिरवून कुट्टू आडवा पाडावा. तेच आच्छादन होते. दरवर्षी नांगर घातला तर आधीच तुटपुंजा असलेला सेंद्रिय भाग उडून जातो, त्यामुळे ही पद्धत सरस.

तिसरा धागा दक्षिणेतल्या राज्यांचा, आणि तो मराठी वाचकाच्या ओळखीचा. तिथल्या किनारी वाळूत सूत्रकृमी आणि मर रोगाने चवळी बसत असे. साउथ कॅरोलिनात टिकून राहिलेली आयर्न ही चवळी अमेरिकी कृषी खात्याने १९०२ मध्ये रोगप्रतिकारक म्हणून पुढे आणली. आज हरणांसाठी विकली जाणारी आयर्न-क्ले चवळी त्याच घराण्यातली. तिच्या जोडीला वाल आणि ताग ही आपल्या शिवारातली पिकेही तिथे पेरली जातात. चवळी माती १८ अंशांवर गेल्यावरच टाकावी. एकरापेक्षा लहान प्लॉटमध्ये हरणे ती दोन पानांवर असतानाच संपवतात, म्हणून पहिले पाच-सहा आठवडे तात्पुरते विजेचे कुंपण लागतेच. उत्तर मिशिगनमध्ये तिच्यावर पैसे घालवू नयेत, हंगाम फार आखूड आहे.

१९८८ मध्ये अलाबामात खास हरणांसाठी निवडलेला पांढरा क्लोव्हर बाजारात आला आणि पिशवीवर शिंगांचे चित्र छापून बियाणे विकण्याचा धंदा बहरला. तो क्लोव्हर चांगलाच आहे, पण त्याची मुळे उथळ. ग्रेलिंग वाळूत तो मे महिन्यात गालिचा होतो आणि जुलैत करपतो. त्याऐवजी लाल क्लोव्हर एकरी चार-पाच किलो, मार्चमध्ये रायवर नुसता फोकावा. रात्री गोठणारी आणि दिवसा सुटणारी माती बी आत ओढून घेते. खोल मुळाची चिकोरी ही पालेदार वनस्पतीही कल्कास्कावर टिकते. सलगम-मुळ्याच्या जातीची पिके नत्राची भुकेली आहेत. एकरी २५ ते ३० किलो नत्र दोन हप्त्यांत द्यायची तयारी नसेल तर ती पेरू नयेत.

दीर्घकाळ टिकेल अशा झुडपांचा मोह पूर्वी सरकारी खात्यांनाही झाला होता. वन्यजीवांसाठी आणि धूप थांबवण्यासाठी वाटलेले ऑटम ऑलिव्ह आज मिशिगनच्या रेताड माळांवर उपटून काढावे लागते. उलट दिशेची चूकही टाळावी. राज्याच्या पश्चिमेकडच्या वाळूत निळा रानटी ल्युपिन आपोआप वाढतो. त्यावरच कार्नर ब्लू या फुलपाखराच्या अळ्या जगतात, आणि ते फुलपाखरू १९९२ पासून संकटग्रस्त यादीत आहे. ल्युपिन दिसला तर तिथे नांगर घालू नये.

प्लॉटकडे कल वाढण्यामागे रोगाचेही कारण आहे. १९९४ मध्ये आल्पेना काउंटीत मारलेल्या हरणात गोक्षय, म्हणजे गुरांचा क्षयरोग, सापडला. हरणांसाठी ओतलेल्या गाजर-बिटाच्या ढिगांवर हरणे तोंडाला तोंड लावून खात, त्यातून रोग पसरत होता. २०१५ मध्ये रानटी हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांना झिजवून मारणारा रोग आढळला आणि ३१ जानेवारी २०१९ पासून लोअर पेनिन्सुलात, म्हणजे राज्याच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पात, असे ढीग घालण्यावर बंदी आली. उभे पीक बंदीत येत नाही. तरीही एका कोपऱ्यात गुंठाभर पट्टी ठेवण्यापेक्षा तेवढेच बी लांबट, विखुरलेल्या तुकड्यांत टाकावे.

पेरणी झाली की प्रत्येक तुकड्यात जाळीचा एक पिंजरा ठोकावा, सव्वा मीटर व्यासाचा आणि तितकाच उंच. आतले पीक गुडघाभर आणि बाहेरचे बोटभर असेल तर बी योग्य आहे, प्लॉट लहान पडतोय. आतही बोटभरच असेल तर हरणांना दोष न देता मातीचा नमुना पुन्हा तपासणीला पाठवावा.