पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून लॅपटॉप नेताना: कागदपत्रं, तपासणी आणि बॅटरीचे नियम

लॅपटॉप विमानात न्यायला वेगळा अर्ज किंवा परवाना लागत नाही. देशांतर्गत प्रवासाला तिकीट आणि मूळ फोटो ओळखपत्र पुरतं. आधार, मतदार ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट यांपैकी एक चालतं, झेरॉक्स मात्र चालत नाही. तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी जुळतंय ना, हे बुकिंग करतानाच बघा. लोहगावला डिजियात्राची, म्हणजे चेहरा ओळखून प्रवेश देणारी सोय आहे, ती ऐच्छिक आहे. ती वापरलीत तरी ओळखपत्र खिशात असू द्या.

सुरक्षा तपासणी सीआयएसएफचे (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे) जवान करतात. तिथे लॅपटॉप बॅगेतून काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायचा, त्याच्यावर चार्जर किंवा जॅकेट टाकायचं नाही. लॅपटॉपची बॅटरी आणि आतले धातूचे भाग एक्स-रेमध्ये इतके गडद दिसतात की त्यांच्याआड काय आहे ते कळत नाही. मग बॅग बाजूला घेऊन उघडावी लागते. पहाटेच्या गर्दीत हे टाळायचं तर घरूनच लॅपटॉप बॅगेत सगळ्यात वर ठेवा. मोबाईल, टॅब आणि पॉवर बँकही ट्रेमध्येच जातात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पॉवर बँकेचा. ती चेक-इन बॅगेत अजिबात टाकू नका, सुटी बॅटरीही नाही. लिथियम बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये लगेच विझवता येतो, सामानाच्या कप्प्यात कुणाचं लक्षही जात नाही. प्रत्येक बॅटरीची मर्यादा १०० वॉट-तासांची (Wh, म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचं माप) आहे. १०० ते १६० वॉट-तासांसाठी विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे मनाई. २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक साधारण ७४ वॉट-तासांची असते, म्हणजे चालते. विमान भरलेलं असलं की कधीकधी गेटवर हातातली बॅग खाली सामानात पाठवतात. तेव्हा लॅपटॉप आणि पॉवर बँक आधी काढून घ्या. घाईत हेच राहून जातं.

परदेशातून परत येताना १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो.

ट्रेमध्ये लॅपटॉप विसरलात, तर घाबरू नका. लगेच विमानतळाच्या हरवले-सापडले विभागाशी संपर्क साधा. ओळखपत्र, बोर्डिंग पास आणि लॅपटॉप तुमचाच असल्याचा पुरावा तयार ठेवा. त्यासाठी खरेदीचं बिल आणि लॅपटॉपच्या मागे छापलेल्या सीरियल नंबरचा फोटो निघण्याआधीच मोबाईलमध्ये घेऊन ठेवा. कंपनीचा लॅपटॉप असेल तर तो नंबर आयटी विभागाकडून मागून घ्या.