जांगड

जांगड : किंमत पक्की न करता, पसंत पडल्यास ठेवावा नाहीतर परत करावा, या बोलीवर नेलेला माल, तसेच त्या देवघेवीची नोंद. कोल्हापुरात हा व्यवहार मुख्यतः गुजरी या बाजारातील सराफी पेढ्या आणि जवळच्या हुपरीचा चांदी व्यवसाय यांत आढळतो. एका पेढीचा माल चार ठिकाणी विखुरलेला असताना कोणता नग कोणाकडे आहे आणि तो विकला गेला की नाही, याचा माग ठेवण्याची ही जुनी रीत होय.

शब्दाचे मूळ वादग्रस्त आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) तो याच अर्थाने येतो. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो मराठीत रुळलेला असावा. गुजरातीतही तो त्याच अर्थाने चालतो. त्यामुळे तो गुजराती व्यापाऱ्यांबरोबर आला असे म्हणता येते, आणि ‘गुजरी’ हे बाजाराचे नावच त्याचा पुरावा मानण्याचा मोह होतो. परंतु रस्त्याकडेला भरणारा सांजबाजार असाही ‘गुजरी’चा अर्थ आहे व तो फार्सी ‘गुजर’ (ये-जा, वाट) या शब्दाशी जुळतो. खुद्द अहमदाबादेत साबरमतीकाठी भरणाऱ्या रविवारच्या बाजारालाही ‘गुजरी’च म्हणतात; गुजरातेतल्या बाजाराला गुजरांवरून (गुजराती व्यापाऱ्यांवरून) नाव पडण्याचे कारण नव्हते. तेव्हा बाजाराच्या नावावरून शब्दाचे मूळ ठरवणे धाडसाचे वाटते. बोलीतील ‘जांगडगुत्ता’ (गुंतागुंत) यातही हाच शब्द असणे संभवते. न मिटलेल्या जांगडाचा हिशेब पाहिलेल्यास ते सहज पटावे.

व्यवहार असा : गिऱ्हाईक पेढीवर बसलेले असते, साज (पानांचा गळ्यातला दागिना) हवा असतो, पण दाखवलेल्या पानांचा घाट त्याला रुचत नाही. पोऱ्या शेजारच्या पेढीतून तीन साज चिठ्ठीवर आणतो. चिठ्ठीवर नग, वजन, टंच (शुद्धता), तारीख आणि घेणाऱ्याची सही असते. दोन साज परत जातात, ते पुन्हा काट्यावर चढतात आणि मगच नोंदीवर रेघ पडते. उरलेल्याचे बिल होते. मधल्या काळात नग घेणाऱ्याच्या काचेच्या कपाटात असला तरी साठा देणाऱ्याचाच. मोजदादीत दोघांनीही तो धरला किंवा दोघांनीही सोडला, म्हणजे ताळा चुकतो. म्हणून जांगड वही खरेदी-विक्रीच्या वहीपासून वेगळी ठेवतात.

मालकी केव्हा बदलते, हा कायद्यातील कळीचा प्रश्न. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम २४ नुसार घेणाऱ्याने पसंती कळवली, ती दर्शवणारी कृती केली, किंवा ठरलेल्या अथवा वाजवी मुदतीपलीकडे नकार न कळवता माल ठेवला, तर मालकी त्याच्याकडे जाते. जांगडाचा दागिना परस्पर गहाण टाकल्यास काय? इंग्लंडमधील १८९७ च्या निकालात गहाण टाकणे हीच पसंती धरली गेली. १९०६ च्या दुसऱ्या निकालात मात्र, हिशेब मिटेपर्यंत माल देणाऱ्याचाच, अशी अट लेखी असल्याने मालकी त्याच्याकडेच राहिली. मुंबईच्या जवाहिऱ्यांचे जांगडाचे वाद उच्च न्यायालयात गेले, तेव्हाही चिठ्ठीतील मजकुराला मोठे महत्त्व आले. तोंडी जांगड देणाऱ्याची बाजू त्यामानाने लंगडी राहते.

वस्तू व सेवा कर (२०१७) लागू झाल्यावर असा माल बिलाऐवजी डिलिव्हरी चलनावर (माल पाठवल्याच्या कागदावर) पाठवता येतो. पुरवठा होताच (म्हणजे माल पसंत ठरताच), किंवा माल हलवल्यापासून सहा महिन्यांत, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा बिल करावे लागते. परराज्यात पसंतीसाठी नेल्या जाणाऱ्या दागिन्यांबाबतचे स्पष्टीकरण १८ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात आहे.

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापड बाजारात किंवा चप्पल व्यवसायात ‘विकेल तसे पैसे’ या बोलीवर माल ठेवला जातो, त्यास सैल अर्थानेच जांगड म्हणता येईल. सोन्याच्या दागिन्यांवर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक सक्तीचा झाल्याने नग ओळखणे सोपे झाले आहे. सराफी संगणक-प्रणालींतही ‘जांगड दिले’, ‘जांगड आले’ अशी खाती असतात. वहीतली रेघ मात्र अजून हातानेच मारणाऱ्या पेढ्या आहेत.