शक्ति-इलेक्ट्रॉनिकी चाचणी तंत्रज्ञ

मोठ्या क्षमतेचे कन्व्हर्टर (विजेचे रूप बदलणारी यंत्रणा), इन्व्हर्टर (डीसीची एसी करणारा), ड्राइव्ह (मोटरचा वेग नियंत्रित करणारी यंत्रणा) व इंडक्शन भट्ट्यांचे पॅनल जोडणीनंतर किंवा दुरुस्तीनंतर तपासून चालू करणारा कुशल कामगार. मराठवाड्यात तो मुख्यतः छत्रपती संभाजीनगरलगतच्या चिकलठाणा, वाळूज व शेंद्रा औद्योगिक वसाहतींत आणि जालन्याच्या पोलाद उद्योगात आढळतो.

या कामाच्या आरंभाविषयी मतभेद आहेत. काही जण तो पीटर कूपर ह्यूइट यांच्या पाऱ्याच्या वाफेवर चालणाऱ्या एकदिशकारकापर्यंत (एसीची डीसी करणारे साधन, सुमारे १९०२) मागे नेतात. इतर थायरिस्टरपासून (मोठा प्रवाह चालू करणारा अर्धसंवाहक स्विच) मोजतात. थायरिस्टरचे सालही एकसारखे दिलेले नसते. बेल प्रयोगशाळेतील संशोधकांचे चार थरांच्या सिलिकॉन स्विचवरील काम १९५६ चे, जनरल इलेक्ट्रिकने तो प्रत्यक्ष घडवला १९५७ मध्ये, विक्री त्यानंतरची. चाचणीपुरते पाहता १९५७ अधिक ग्राह्य वाटते, कारण सुटा घटक काढून तपासण्याची आजची रीत अर्धसंवाहकांबरोबरच रूढ झाली.

जालन्यात भंगार वितळवणाऱ्या भट्ट्यांच्या पॅनलमध्ये चकतीच्या आकाराचे एससीआर (म्हणजे थायरिस्टरच) असतात. त्यांचे आतील संपर्क दाबावर अवलंबून असल्याने क्लॅम्प न करता मीटर लावल्यास चांगला एससीआरही ‘ओपन’ दिसू शकतो. मेगर (उच्च व्होल्टेजवर इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावण्यापूर्वी कंट्रोल कार्ड सोडवतात व घटकांची टोके शॉर्ट करतात. थंडाव्याला बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरल्यास नळ्यांत थर बसतो, शिवाय पाण्यातून गळती-प्रवाह वाढतो. म्हणून डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याची वाहकता तपासणे हाही चाचणीचाच भाग.

खरी जोखीम पुरवठा तोडल्यानंतरची. ८०० व्होल्टवर भारलेल्या ५,००० मायक्रोफॅरड कपॅसिटर बँकेत १,६०० जूल ऊर्जा साठते. २० किलोओहमच्या ब्लीडर रोधातून (साठलेली ऊर्जा हळूहळू रिकामी करणारा रोध) बँकेचे व्होल्टेज ५० व्होल्टपर्यंत उतरायला साडेचार मिनिटांहून अधिक लागतात, आणि रोध तुटला असेल तर हा हिशेबच लागू पडत नाही. त्यामुळे वेळेवर न विसंबता आधी मीटरने व्होल्टेज पाहणे, मग डिस्चार्ज रॉड (उरलेला भार काढून टाकणारी दांडी) लावणे आणि पुन्हा मोजणे हा क्रम पाळतात. ऑसिलोस्कोपची (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारे उपकरण) अर्थिंग काढून मोजमाप घेण्याची सवय काही ठिकाणी दिसते. ती घातक आहे. डिफरेन्शियल प्रोब (दोन बिंदूंमधील व्होल्टेजचा फरक मोजणारा) हाच योग्य मार्ग.

आयटीआयचा वीजतंत्री किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक अभ्यासक्रम, अथवा तंत्रनिकेतनाची पदविका ही नेहमीची पात्रता. संभाजीनगरच्या विद्यापीठ परिसरात नाइलिट या केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान प्रशिक्षण संस्थेचे केंद्र आहे.