खुडूक कोंबडी

अंडी देणे थांबवून ती उबवण्यासाठी ठाण मांडून बसलेली कोंबडी. ‘खुडूक’ हा शब्द तिच्या या काळातील तुटक, घोगऱ्या आवाजावरून आला असावा. हिंदीतील ‘कुडक’ त्याच्या जवळचा आहे. मात्र एका भाषेने तो दुसरीकडून उचलला, यापेक्षा दोन्ही शब्द स्वतंत्रपणे ध्वन्यनुकारी आहेत, हे मत अधिक पटण्यासारखे आहे. सोलापुरातील कन्नडभाषक घरांत वापरला जाणारा ‘कावु’ हा शब्द आवाजाशी नव्हे, उबेशी जोडलेला आहे.

खुडूकपणास मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून स्रवणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक कारणीभूत असते. घरट्यातील अंड्यांचा पोटाला होणारा स्पर्श त्याचा स्राव टिकवून धरतो; म्हणून अंडी रोजच्या रोज उचलली, तर खुडूक होण्याचे प्रमाण घटते. लेगहॉर्न जातीतून ही प्रवृत्ती निवडीने जवळजवळ नाहीशी झाली, तर असील व गावठी कोंबड्यांत ती ठळक आहे. तिच्या आनुवंशिकतेविषयी मतभेद आहेत. कोंबडीला तिचे एकमेव झेड हे लिंगगुणसूत्र पित्याकडून मिळते. संकरात नर कोणत्या जातीचा, यावर मुलींचा खुडूकपणा अवलंबून दिसल्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो लिंगगुणसूत्राशी निगडित मानला गेला. पुढील संकरांत आईबापांच्या जाती अदलाबदल करूनही तसा फरक ठळकपणे आढळला नाही. त्यामुळे अनेक जनुकांचा एकत्रित परिणाम ही उपपत्ती आता अधिक ग्राह्य वाटते. अर्थात प्रोलॅक्टिनच्या ग्राहीचे (त्याचा संदेश टिपणाऱ्या रेणूचे) जनुक झेडवरच असल्याने जुने मत सर्वस्वी टाकताही येत नाही.

खुडूक कोंबडी हात नेताच पिसे फुलवून टोचते, दिवसातून एकदाच थोडा वेळ उठते आणि तेव्हा एकदम मोठी, उग्र वासाची विष्ठा टाकते. पिले साधारण २१ दिवसांनी निघतात. गावठी कोंबडीखाली ८ ते १२ अंडी मावतात. बुट्टीत राख व कडुनिंबाचा पाला घालून वर भुसकट पसरतात. राखेने उवा कमी होतात.

सोलापूरच्या हवेत कोंबडी बसवावी की उठवावी, हे बरेचसे उन्हावर ठरते. अंड्याला सुमारे ३७.५° से. तापमान लागते आणि मे महिन्यात दुपारचा पारा ४०° से.च्या वर जातो. पत्र्याखालचे खुराडे त्याहूनही तापते. शिवाय साधारण २७° से.च्या पुढे साठवणीतल्या अंड्यांतच गर्भाची अर्धवट वाढ सुरू होते आणि ती बसवण्यापूर्वीच वाया जातात. त्यामुळे दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंत कोंबडी बसवणे आणि उन्हाळ्यात तिला उठवणे, हा क्रम श्रेयस्कर ठरतो. उन्हाळ्यात बसवायचीच झाल्यास बुट्टी ओल्या वाळूवर ठेवून भोवती ओले गोणपाट टांगावे.

खुडूक मोडण्यासाठी कोंबडीला पाण्यात बुडवणे, नाकपुड्यांतून पिसाचा दांडा ओवणे असे उपाय केले जातात. दुसरा तर निव्वळ क्रूर आहे. तारेचा तळ असलेल्या, जमिनीपासून उंच पिंजऱ्यात दाणापाण्यासह तीन-चार दिवस ठेवल्यास पोटाखाली वारा खेळतो, घरटे सुटते व प्रोलॅक्टिन उतरते. नुसते डालून ठेवल्याने हे साधत नाही; डालग्याखालच्या उबदार अंधारात ती तशीच बसून राहते. उठलेली कोंबडी पुन्हा अंड्यावर यायला एक ते तीन आठवडे लागतात.